सिंहगड, पसरणी आणि २०० ची बीआरएम: ११-२८ ठेवावी की ११-३४ लावावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्याचे, वय ४३, वजन ७२ किलो. सायकल शिमानोच्या ११ गिअरच्या १०५ ग्रुपसेटची (गिअर-ब्रेकच्या भागांचा संच), पुढे ५०/३४ ची कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांची दोन चाके, म्हणजे चेनरिंग) आणि मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरची ११ ते २८ दात्यांची दातेरी चाके; मागे दाते जितके जास्त, तितका चढ सोपा). खडकवासल्यापर्यंत ते ताशी २८-३० च्या वेगाने आरामात जातात. सिंहगड चढताना मात्र दोनदा थांबावे लागते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ६८ मिनिटे लागतात, त्यांपैकी आठ मिनिटे थांबण्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्याची वाटी दुखते. हिवाळ्यात पसरणी घाट चढून पुणे–पाचगणी–पुणे अशी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची स्वारी) करायचा त्यांचा विचार आहे. मित्र म्हणतात, पाय बळकट करा. दुकानदार म्हणतो, सायकलच बदला. ११-३२ लावावी की ११-३४, आणि तशी कॅसेट लावली तर सपाटीवर चालवण्याची मजा जाईल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: ११-३४ लावा, क्रँक आहे तीच राहू द्या, सायकल बदलण्याचे काही कारण नाही. फक्त मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते पेलणारा आहे की नाही हे कॅसेट विकत घेण्यापूर्वी पाहा. मी सुमारे अठरा वर्षे सायकली जुळवतो आणि त्याच सायकलींवरून घाट चढतो, आणि या काळात अवघड गिअरमुळे घाटात अडकलेली माणसे मी जितकी पाहिली आहेत, त्याच्या पावपटही सोप्या गिअरमुळे तक्रार करणारी पाहिलेली नाहीत.

आता हिशेब. गिअर निवडण्याची चर्चा बहुतेक वेळा ‘अमुक जण ११-२८ वर चढतो’ या वाक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. वास्तविक तुमचे एकूण वजन, तुम्ही तासभर टिकवू शकता ती ताकद आणि रस्त्याचा चढ या तीन गोष्टी हातात असल्या, की उत्तर कागदावर निघते. ताकद मोजायला पॉवरमीटर हवाच असे नाही. तुमच्या सिंहगडाच्या वेळेतच ती दडलेली आहे. गोळेवाडीकडून गडावर जाणारा रस्ता साधारण साडेआठ किलोमीटरचा आणि उंचीतला फरक सुमारे ६०० मीटर, म्हणजे सरासरी ७ टक्के चढ. तुम्ही ७२ किलो, सायकल १० किलो, पाण्याच्या बाटल्या, पंप, ट्यूब आणि बूट धरून आणखी ३, असे ८५ किलो वजन तुम्ही प्रत्यक्ष ६० मिनिटांत ६०० मीटर वर नेले. नुसते हे वजन उचलायला सरासरी १३९ वॅट लागतात. टायरचे घर्षण, हवा आणि चेनमध्ये जाणारा वाटा मिळवला की आकडा १६० च्या आसपास पोहोचतो. चाळिशीतल्या, नोकरी सांभाळून आठवड्याला तीन दिवस सायकल चालवणाऱ्या माणसासाठी हा चांगलाच आकडा आहे, त्यामुळे ‘पाय बळकट करा’ हा सल्ला तुम्ही शांतपणे बाजूला ठेवू शकता.

या १६० वॅटवर ८ टक्क्यांच्या चढावर तुमचा वेग ताशी ७.७ किलोमीटर येतो. कॅसेट कोणतीही लावा, या वेगात बदल होत नाही. कॅसेट ठरवते ते एवढेच, की हा वेग राखण्यासाठी तुमचे पाय मिनिटाला किती फेरे घेतील, म्हणजे तुमचा कॅडन्स किती असेल. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले २.१ (म्हणजे ७०० च्या चाकाचा मीटरमधला परीघ), असे केले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. ३४/२८ वर हे अंतर २.५५ मीटर आहे, ३४/३२ वर २.२३ आणि ३४/३४ वर बरोबर २.१. त्यानुसार त्याच चढावर, त्याच वेगाने, तुमचा कॅडन्स आज ५० आहे. ३२ वर तो ५७ होईल आणि ३४ वर ६१.

५० आणि ६१ यांत फारसा फरक नाही असे वाटू शकते, म्हणून तोच हिशेब पेडलवरच्या दाबात मांडतो. १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकवर १६० वॅट ५० च्या कॅडन्सने काढायचे तर पेडलवर सरासरी १८ किलोचा जोर सतत द्यावा लागतो. ६१ च्या कॅडन्सला तोच जोर १५ किलोच्या खाली येतो. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात जोर फेऱ्याच्या खाली येणाऱ्या भागातच लागतो, त्यामुळे त्या क्षणी गुडघ्यावर येणारा भार याहून बराच मोठा असतो. आठ किलोमीटरच्या चढात तुम्ही आज सुमारे ३,१०० वेळा हा भार घेता. ३४ वर फेरे ३,८०० होतील, पण प्रत्येक फेरा हलका असेल. फुप्फुसांना आणि हृदयाला दोन्हींत काम जवळजवळ तेवढेच पडते, मांडी आणि गुडघा यांना मात्र पडत नाही. दमलेले हृदय दोन मिनिटांत ताळ्यावर येते, तर घट्ट झालेली मांडी त्या दिवसापुरती परत येत नाही, हे लांब पल्ल्याच्या स्वारीत फार महत्त्वाचे ठरते.

वरचा हिशेब ८ टक्क्यांचा होता, आणि घाटाची सरासरी ही फसवी गोष्ट आहे. सरासरी ७ टक्क्यांच्या रस्त्यावर पाच टक्क्यांचे आरामाचे तुकडे असतात तसे १२ टक्क्यांचेही असतात, आणि नागमोडी वळण आतल्या कडेने घेतले तर पाच-सात मीटरपुरता चढ त्याहून चढा होतो. १२ टक्क्यांवर १६० वॅटने वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्याही खाली जातो, जिथे सायकल सरळ ठेवणेच जिकिरीचे होते, म्हणून आपण नकळत जोर वाढवतो. समजा तो २२० पर्यंत गेला. तेव्हा वेग ७.३ असतो आणि कॅडन्स ३४/२८ वर ४८, ३४/३४ वर ५८. तुम्ही दोनदा थांबता ती ठिकाणे आठवून पाहा. ती अशाच तुकड्यांच्या लगेच पुढे असतील, कारण चढावर जास्त खर्च झालेला श्वास भरून काढायला त्यानंतरच्या सौम्य तुकड्यावर सोपा गिअर लागतो, आणि तो तुमच्याकडे शिल्लकच नसतो.

आता सपाटीवरच्या मजेबद्दल. ११-२८ मधली दातेरी चाके, दात्यांच्या संख्येने, अशी आहेत: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. शिमानोच्या ११ गिअरच्या ११-३४ मधली अशी: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. दोन्ही ओळी एकमेकींखाली लिहून पाहा. १५ पासून २५ पर्यंतची सगळी चाके हुबेहूब तीच आहेत. ५० च्या चेनरिंगवर ९० च्या कॅडन्सने १९ वर ताशी ३०, १७ वर ३३ आणि १५ वर ३८ वेग मिळतो, म्हणजे तुमच्या सपाटीवरच्या सगळ्या स्वाऱ्या ज्या तीन-चार चाकांवर होतात ती तशीच राहतात. तुम्ही गमावता ती १२ आणि १४ ही दोन चाके, जी ताशी ४० च्या पुढे, शर्यतीत किंवा पाठीवर वारा असतानाच कामाला येतात. सर्वांत जड गिअर ५०/११ तर दोन्हींत आहेच, आणि त्यावर ९० च्या कॅडन्सला ५१ चा वेग येतो. घाट उतरताना त्याहून वेगाने जाताना आपल्या रस्त्यांवर पेडल मारू नये, ब्रेकवर बोटे ठेवावीत.

उलट ‘मधला मार्ग’ म्हणून सुचवली जाणारी ११-३२ पाहिली तर ती ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२ अशी जाते. ती वाईट नाही. ताशी ३५ च्या वर चालवणाऱ्याला १२ आणि १४ ठेवून ३२ मिळते. पण तुमच्या सवयीची १५, १७, १९ ही चाके तिच्यात नाहीत. म्हणजे सपाटीवरची सवय जपायची म्हणून ११-३२ घेणाऱ्याची सवय तिच्यातच मोडते. अकरा गिअरच्या बाबतीत मी ११-३४ चा आग्रह धरतो त्याचे निम्मे कारण हेच आहे. तिचे वजन सुमारे शंभर ग्रॅमने जास्त भरेल. पाण्याचे दोन घोट कमी भरले की हिशेब मिटला.

मित्रमंडळींत ३४ च्या चाकाला ‘आजीबाईचा गिअर’ म्हणण्याची पद्धत आहे आणि ती नवी नाही. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये व्यावसायिक स्वारांना डिरेलर वापरण्याची मुभाच नव्हती. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चाके असत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे बसवून पुढे जावे लागे. आज त्याच शर्यतीच्या डोंगरी टप्प्यांत पुढे ५४/४० आणि मागे ११-३४ ही जोडी सर्रास दिसते. तिचा सर्वांत सोपा गिअर ४०/३४, म्हणजे १.१८. तुमचा सध्याचा ३४/२८ म्हणजे १.२१. चारशे वॅटच्या घरात ताकद लावणारी माणसे ज्या गिअरने आल्प्स चढतात, त्याहून जड गिअरने तुम्ही १६० वॅटवर सिंहगड चढत आहात. पुढच्या वेळी कोणी आजीबाईचा विषय काढला तर हे दोन आकडे सांगून पाहा.

माझेही पहिले दोन मोसम याच भ्रमात गेले. तेव्हाच्या माझ्या सायकलीला पुढे ५३/३९ आणि मागे १२-२५ होती, आणि ३९/२५ म्हणजे एका फेऱ्यात ३.२८ मीटर. सिंहगडाच्या शेवटच्या टप्प्यात कॅडन्स ३५-४० वर येई, प्रत्येक पेडल अख्ख्या शरीराने ढकलावे लागे आणि मी त्याला चिकाटी म्हणत असे. पुढे कंटाळून एका दुकानातून ११-३२ बसवून घेतली. दुकानदाराने कॅसेट बदलली, चेन मात्र जुनीच, तेवढ्याच लांबीची ठेवली, आणि डिरेलर आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) होता तो तसाच राहिला. स्टँडवर गिअर छान पडत होते. दोन दिवसांनी बोपदेवच्या पायथ्याशी, पुढे मोठ्या चेनरिंगवर असतानाच, मी घाईत मागे ३२ वर नेले. चेन तारेसारखी ताठ झाली, डिरेलर पुढे ओढला गेला, क्षणभर काहीच हलेना, आणि मग ‘कट्’ असा आवाज होऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटला. सुटलेला डिरेलर स्पोकमध्ये गेला आणि सायकल जागच्या जागी थांबली. बूट हातात घेऊन कोंढव्यापर्यंत चालत आलो. चूक दुकानदाराची होती तशीच न तपासता पैसे देणाऱ्या माझीही होती, म्हणून पुढचा भाग थोडा बारकाईने लिहितो.

डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. तुमचा १०५ च्या आर७००० मालिकेचा असेल आणि क्रमांकाच्या शेवटी ‘एसएस’ असेल तर तो आखूड पिंजऱ्याचा आहे आणि कंपनीच्या मर्यादेनुसार ३० दात्यांपर्यंतच चालतो. ‘जीएस’ असेल तर लांब पिंजऱ्याचा आहे आणि ३४ पर्यंत चालतो. त्याआधीच्या ५८०० मालिकेत लांब पिंजऱ्याचीही मर्यादा ३२ आहे. ११-२८ सह आलेल्या सायकलीवर बहुधा एसएस असतो, त्यामुळे कॅसेटबरोबर डिरेलरचा खर्च धरूनच चाला. ‘स्क्रू आवळून चालवून घेतो’ असे सांगणारे भेटतील, आणि ३२ पर्यंत ते अनेकदा चालतेही, पण ३४ ला हा जुगार करू नका. दुसरी मर्यादा पिंजऱ्याच्या क्षमतेची, म्हणजे तो एकूण किती दात्यांच्या फरकाची सैल चेन ताणून धरू शकतो याची आहे: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक (१६) अधिक कॅसेटमधल्या टोकांचा फरक (२३) म्हणजे ३९, आणि आर७००० जीएसची क्षमता नेमकी ३९ आहे, म्हणजे ही जोडी नियमात पूर्ण बसते.

चेन नवीच घ्या. जुन्या चेनने नव्या कॅसेटचे दाते लवकर झिजतात, आणि जुनी आखूडही पडणार. लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या ३४ वरून थेट फिरवून, जिथे टोके जुळतात त्याच्या पुढे निर्मात्याने सांगितलेल्या कड्या वाढवून कापायची असते. दुकानात हे डोळ्यांसमोर करून घ्या. ११ गिअरची ११-३४ तुमच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसवताना तिच्या मागे १.८५ मिलिमीटरची एक चकती लागते, जी डब्यातच येते आणि डब्यातच विसरली जाते. ती नसेल तर कॅसेट घट्ट धरणारी रिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. शेवटी बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा) फिरवून ३४ चे चाक आणि डिरेलरचे वरचे छोटे चाक यांत साधारण सहा मिलिमीटर अंतर सोडावे. मग स्टँडवरच, हाताने हळूहळू पेडल फिरवत, मोठी चेनरिंग आणि ३४ ही जोडी एकदा मुद्दाम लावून बघा. ती जोडी चालवायची नाही, पण चुकून लागली तर काही तुटता कामा नये.

बीआरएमच्या बाबतीत तुम्ही पसरणीची धास्ती घेतली आहे, पण हिशेबाने पाहिले तर पसरणी तुमच्या सध्याच्या गिअरलाही जड नाही. वाई सुमारे ७२० मीटरवर आणि पाचगणी १,२९० च्या आसपास, मधले अंतर बारा किलोमीटर, म्हणजे चढ ५ टक्क्यांच्या आतबाहेर आणि बराचसा एकसारखा. ताज्या पायांनी १६० वॅटवर तो तुम्ही ताशी साडेअकराने, ३४/२८ वरही ७५ च्या कॅडन्सने चढाल. अडचण अशी, की तिथे पोहोचेपर्यंत कात्रज आणि खंबाटकी चढून सुमारे ८५ किलोमीटर झालेले असतात, ऊन वर आलेले असते आणि ताकद १२० वॅटवर उतरलेली असते. तेव्हा वेग ९ च्या खाली येतो आणि कॅडन्स ३४/२८ वर ५८, ३४/३४ वर ७०. परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा पुन्हा आहेच, आणि तोवर १८० किलोमीटर झालेले असतील. २०० ला साडेतेरा तास मिळतात. तुमच्या वेगाला ते पुरेसे आहेत, गुडघ्याने साथ सोडली नाही तर. म्हणून लांब स्वारीसाठी गिअर निवडताना मी नेहमी ताज्या पायांच्या तीन-चतुर्थांश ताकदीवर हिशेब करतो.

वजन जास्त असलेल्या वाचकांसाठी एक वेगळा शब्द. स्वार ९० किलोचा असेल आणि ताकद तीच १६० वॅट, तर ८ टक्क्यांवर वेग सव्वासहाच्या आसपास आणि ३४/३४ वरही कॅडन्स जेमतेम ५० राहतो. अशांनी, आणि सामान लादून कोकणात उतरून पुन्हा वर येणाऱ्यांनी, पुढे ४६/३० ची क्रँक पाहावी. ३०/३४ वर तोच कॅडन्स ५७ होतो आणि ४६/११ वरही ९० च्या कॅडन्सला ताशी ४७ मिळतात. ग्रॅव्हलसाठी (कच्च्या रस्त्यांसाठी) बनवलेल्या अशा क्रँकची चेनलाइन, म्हणजे चेन धावते ती रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही त्याच जातीचा घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. तुम्हाला त्याची गरज नाही. पुढे एकच चेनरिंग ठेवण्याचा पर्याय मी रस्त्यावरच्या सायकलीसाठी सुचवत नाही, कारण त्यात लागोपाठच्या चाकांमधले अंतर मोठे होते आणि सपाटीवर गटाने चालवताना नेमका हवा तो गिअर सापडत नाही.

गुडघ्याबद्दल: कॅसेट बदलण्यापूर्वी सीटची उंचीही तपासून घ्या, कारण सीट खाली असेल तर वाटीपाशी दुखणे गिअर बदलूनही थांबणार नाही. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेले तर पाय जेमतेम सरळ व्हावा. गुडघ्यात ठळक बाक राहत असेल तर सीट एका वेळी तीन-चार मिलिमीटरने वर घ्या. दोन्ही सुधारून महिन्याभरातही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

नवा गिअर हाती आला की पहिल्या किलोमीटरलाच ३४ वर जाण्याचा मोह होतो. तसे न करता सौम्य तुकड्यांवर २७ आणि ३० वापरा, वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधी, पेडलवरचा जोर क्षणभर कमी करून एक चाक सोपे करा, आणि ३४ चढ्या तुकड्यांसाठी व त्यानंतर श्वास जमवण्यासाठी ठेवा. घाट सुरू होण्यापूर्वी पुढे ५० वरून ३४ वर येताना मागे दोन चाके जड करून घेतली की पाय एकदम मोकळे सुटत नाहीत. चेनवर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलला तर ती आत पडते, आणि चढावर ती पुन्हा चढवून, क्लीट (बुटाखालची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) अडकवून निघणे हा स्वतंत्र त्रास आहे.

हे सगळे बीआरएमच्या किमान महिनाभर आधी उरका. नव्या केबलला पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये ढिलेपणा येतो, तेव्हा दोनदा सिंहगड करून गिअर पुन्हा जुळवून घ्या, आणि दुसऱ्या खेपेची तुमची वेळ व थांबे मला कळवा. साठ मिनिटे तशीच राहतील, पण थांबण्यातली आठ मिनिटे जावीत असा माझा अंदाज आहे.